कंपवात आणि नाच : अडकलेलं पाऊल तालावर कसं सुटतं?

पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, तो झालेल्या माणसाला नाचाच्या वर्गाला पाठवा असं कोणी सुचवलं तर घरच्यांना आधी चेष्टा वाटते आणि मग भीती. न्हाणीघरापर्यंत जाताना जो भिंत धरतो, तो नाचणार कसा? तरीही गेली वीस-पंचवीस वर्षं जगात अनेक ठिकाणी असे वर्ग चालतात. पुण्यातही ते झाले. नाचाने हा आजार बरा होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. पण चालणं, तोल आणि चारचौघांत जायची हिंमत टिकवायला त्याची मदत होते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याला त्यांचं नाव. मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. बऱ्याच पेशी गेल्यावरच लक्षणं दिसतात. हात थरथरणं सगळ्यांना माहीत आहे, पण काही रुग्णांना कंप नसतोच. हालचाल मंदावते, अंग ताठ होतं, चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. "वय झालं, चालायचंच" म्हणून यात वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. साठीच्या आसपास हा आजार जास्त दिसतो, पण चाळिशीतही होऊ शकतो.

नाचाचा संबंध कुठे येतो ते समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चालणं, कुशीवर वळणं, खुर्चीतून उठणं ही कामं आपण विचार न करता करतो. ही सवयीची हालचाल मेंदूचा जो भाग सांभाळतो, तोच या आजारात ढिला पडतो. मग माणूस चालता चालता मध्येच थबकतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दाराच्या चौकटीत, अरुंद बोळात, वळताना हे जास्त होतं. गंमत म्हणजे सपाट फरशीवर अडकणारा हाच माणूस काही वेळा जिना व्यवस्थित चढतो. प्रत्येक पायरी त्याला दिसते आणि पाऊल कुठे टाकायचं ते सांगते. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, कोणी "एक, दोन, एक, दोन" मोजलं किंवा ठेका वाजवला, तरी अनेकांचं पाऊल सुटतं. आतून येणारा इशारा कमजोर झाला असला, तरी डोळ्यांतून आणि कानांतून आलेला इशारा मेंदूच्या दुसऱ्या वाटेने पायापर्यंत पोचतो. नाचात हे सगळं एकत्र येतं: ठेका, समोरच्याकडे बघून करणं, पाऊल ठरवून टाकणं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेणं.

अमेरिकेत ब्रुकलिनच्या मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ मध्ये तिथल्या पार्किन्सन्स गटाबरोबर वर्ग सुरू केले आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॅमन अर्हार्ट आणि मॅडलिन हॅकनी यांनी टँगो या जोडीने करायच्या नाचाचा अभ्यास केला. टँगोत मागे चालणं, थांबणं, पुन्हा निघणं भरपूर असतं आणि रुग्णांचं अडतं ते नेमकं तिथेच. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठाचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात आठवड्याला सव्वा तास असं तीन वर्षं नाचलेल्या १६ रुग्णांची हालचालीची लक्षणं न नाचणाऱ्यांच्या तुलनेत हळू वाढलेली दिसली. पण माणसं फक्त १६, आणि तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून फार मोठा दावा करू नये. जास्त वजन आहे ते २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याला. त्यात दीडशेहून अधिक चाचण्या तपासल्या आहेत. नाचाने हालचालीच्या लक्षणांत फरक पडतो, असं त्यात दिसतं. मात्र इतर व्यायामांनीही पडतो. म्हणजे जो प्रकार माणूस सोडणार नाही, तोच त्याच्यासाठी चांगला. आपल्या मते नाचाची खरी बाजू हीच: दोरी ओढायचा व्यायाम महिन्याभरात बंद पडतो, गाण्याचा वर्ग सहसा पडत नाही.

पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतं. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. पण बेळगाव-खानापूरच्या माणसाला दर आठवड्याला पुणे-मुंबई गाठणं जमणारं नाही. घरी किंवा गल्लीतल्या सभागृहात काय करता येईल, हाच कामाचा प्रश्न.

सुरुवात खुर्चीवरच करतात. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची घ्यायची, पाय जमिनीला टेकवायचे, ठेक्यावर खांदे, हात, मग गुडघे. हालचाल मुद्दाम मोठी करायची, कारण या आजारात ती माणसाच्या नकळत लहान होत जाते. तोंडाने मोजायचं किंवा गायचं, म्हणजे आवाजालाही काम मिळतं. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं, भार डावीकडे-उजवीकडे. आधाराशिवाय चालणं सगळ्यात शेवटी.

यासाठी टँगोच हवा असं काही नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, वर्षानुवर्षं कानात बसलेला. ज्याने पंढरीची वारी केली आहे, त्याला दिंडीचं पाऊल शिकवावं लागत नाही, आठवून द्यावं लागतं. लेझमीचे साधे हात बसूनही करता येतात. झिम्म्याच्या टाळ्या समोरासमोर बसून छान होतात. फुगडी मात्र नकोच. गरगर फिरण्यात आणि झटकन वळण्यात तोल जातो. वळायचंच असेल तर जागच्या जागी पाय न पिळता, चार-पाच पावलांत मोठं वळण घ्यावं.

वेळ गोळीच्या हिशोबाने ठरवा. लेवोडोपाचा असर साधारण अर्ध्या ते एक तासात येतो, तेव्हाच वर्ग ठेवावा. असर ओसरला असताना नाचायला उभं करणं म्हणजे पडायला बोलावणं. उठल्याबरोबर रक्तदाब उतरून चक्कर येणं या आजारात नेहमीचं आहे, म्हणून बसल्यावर एकदम उठू नये. फरशीवर नुसते मोजे नकोत. शेजारी एक धडधाकट माणूस हवाच. आधी पडलेले, हृदयाचा त्रास असलेले, मेंदूची शस्त्रक्रिया झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणखी एक: नाच सुरू केला म्हणून गोळी कमी करायची नाही. खाजकुहिलीच्या बियांत लेवोडोपाच असतं, म्हणून ती चूर्णं मनाने गोळीच्या जोडीला घेऊ नयेत.

घरच्यांनी, पाय अडकला की हाताला धरून ओढायचं नाही. तसं केलं की वरचं अंग पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. त्याला थांबू द्यावं, दोन्ही पायांवर नीट उभं राहू द्यावं, मग आपला पाय त्याच्या पायापुढे आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हणावं, किंवा शेजारी उभं राहून मोठ्याने मोजायला लागावं.