आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचे मानचित्र

आकाशगंगेच्या आकाराचा शोध हा मूलतः अंतरमापनाचा इतिहास होय. ताऱ्याची दिशा डोळ्यांस प्रत्यक्ष दिसते. त्याचे अंतर मात्र सिद्ध करावे लागते. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या तबकडीतच असल्याने, अंतर न कळल्यास तिच्या भुजा एकीमागे एक लपून एकच पट्टा भासतो.

इ. स. १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी निरनिराळ्या दिशांतील तारे मोजून आकाशगंगेची आकृती काढली. तारे सर्वत्र सारख्याच दाटीने पसरले आहेत, हे त्यांचे गृहीत होते. म्हणून त्या आकृतीत सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांना एका तेजोमेघात सर्पिल रचना आढळली, आणि १९०० मध्ये ईस्टन यांनी आकाशगंगाही तशीच असावी अशी कल्पना मांडली. परंतु ताऱ्यांमधील धूळ दूरचा प्रकाश शोषून घेते, हे ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये दाखविले, तेव्हा केवळ तारे मोजण्याच्या पद्धतीची मर्यादा उघड झाली.

१९५१ हे वर्ष निर्णायक ठरले. देवयानी दीर्घिकेच्या भुजा तप्त निळ्या ताऱ्यांनी व तेजस्वी वायुमेघांनी रेखलेल्या आहेत, हे बाडे यांनी दाखविले होते. तोच धागा धरून मॉर्गन व त्यांचे सहकारी यांनी सूर्यासमीपच्या भुजांचे तुकडे निश्चित केले. त्याच वर्षी ईवेन व पर्सेल यांना हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सापडली. तिचे भाकीत व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्येच केले होते. या लहरीस धुळीचा अडथळा होत नाही. साहजिकच १९५८ मध्ये ऊर्ट, कर व वेस्टरहाउट यांनी लायडन व सिडनी येथील निरीक्षणे जोडून दूरवरचा नकाशा प्रसिद्ध केला.

तथापि ही लहर वायूचा वेग सांगते, अंतर नव्हे. वायू केंद्राभोवती वर्तुळाकार फिरतो असे मानूनच वेगावरून अंतर काढावे लागे. शिवाय सूर्यकक्षेच्या आतील भागात एकाच वेगाची दोन स्थाने संभवतात, एक जवळचे व एक दूरचे. वायूची गती वर्तुळापासून थोडी जरी ढळली, तरी नकाशातील भुजा वाकडी होई. १९७६ मध्ये जॉर्जलँ दांपत्याने तेजस्वी वायुमेघांच्या आधारे चार भुजांचा आराखडा मांडला. पण त्यातील दूरच्या मेघांची अंतरेही बव्हंशी वेगावरूनच काढलेली होती.

यातून सुटका झाली ती जुन्या भूमितीनेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळची वस्तू किंचित सरकलेली दिसते. हे लंबन मोजल्यास अंतर कोणत्याही गृहीताविना मिळते. दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून, नवजात ताऱ्यांजवळील मेसर-स्रोतांचे लंबन मोजले गेले. २०१७ मध्ये केंद्रापलीकडील एका स्रोताचे सुमारे ६६,००० प्रकाशवर्षे अंतर याच रीतीने मिळाले. २०१९ पर्यंत असे सुमारे २०० स्रोत मोजले गेले होते. मात्र या दुर्बिणी मुख्यतः उत्तर गोलार्धात होत्या. म्हणून त्या वर्षीच्या नकाशात दक्षिण आकाशातील भुजा बव्हंशी मोजलेल्या भुजांचे वळण पुढे वाढवूनच दाखविल्या गेल्या.