रोप असो वा उपकरण, निवड जागेवरून ठरावी

नवी दिल्ली – पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांमध्ये आणि दसरा-दिवाळी जवळ आली की विद्युत उपकरणांच्या दुकानांत एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो : ‘यांतले चांगले कोणते?’ प्रश्न साधा असला तरी त्याला सरसकट उत्तर नाही. रत्नागिरीच्या परसात बहरणारे रोप दिल्लीच्या गच्चीवर तग धरेलच असे नाही आणि नागपुरात सुखावणारा कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो. दारचे झाड आणि घरातील मोठे उपकरण, दोन्ही दहा-पंधरा वर्षे सोबत राहतात. निवड चुकली तर पाणी, वीज, घराच्या भिंती आणि क्वचित आरोग्य या रूपांत तिची किंमत मोजावी लागते. म्हणूनच सल्ला मागताना वस्तूपेक्षा आधी आपल्या जागेची माहिती सांगणे आवश्यक ठरते.

आधी ऊन मोजावे

रोप निवडताना पहिला निकष उन्हाचा. जास्वंद, मोगरा, गुलाब, तुळस यांना रोज साधारणपणे सहा तास थेट ऊन लागते. उत्तरेकडे तोंड असलेल्या सदनिकेच्या सज्ज्यात एवढे ऊन बहुधा मिळत नाही. तेथे मोगऱ्याला केवळ पाने येतात, कळ्या धरत नाहीत. अशा जागी मनी प्लँट, स्नेक प्लँट किंवा नेचे अधिक योग्य. सज्ज्यात कोठे, किती वाजल्यापासून किती वेळ ऊन येते याची आठवडाभर नोंद ठेवली तर सल्ला देणाऱ्याचे निम्मे काम होते. उन्हाची दिशा ऋतूनुसार बदलते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा निकष माती व पाण्याचा. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना गावाकडचा अनंत आपल्या दारी हवा असतो. अनंताला आम्लधर्मी माती आणि दमट हवा मानवते. उत्तर भारतातील अनेक भागांत माती अल्कधर्मी आणि कूपनलिकेचे पाणी जड असते. अशा मातीतून लोह नीट शोषले जात नाही आणि पाने पिवळी पडू लागतात. खताची मात्रा वाढवून हा दोष दूर होत नाही. कुंडीत कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत भरपूर वापरणे, साठवलेले पावसाचे पाणी देणे आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा करणे, हे उपाय काही प्रमाणात उपयोगी पडतात. फारसे कष्ट न घेता फुले हवी असतील तर कोरड्या व उष्ण प्रदेशात बोगनवेल, मधुमालती, पारिजातक यांची निवड अधिक शहाणपणाची. किनारपट्टीवर जास्वंद, अबोली, सोनटक्का चांगले वाढतात.

तिसरा निकष जागेच्या बळाचा. ओल्या मातीचे वजन लिटरमागे साधारण दीड किलो किंवा त्याहून अधिक भरते. म्हणजे वीस लिटरची एक कुंडी पाणी घातल्यावर तीस किलोंच्या आसपास जाते. कठड्यावर अशा कुंड्यांची रांग मांडणे धोक्याचे असते. कोकोपीट व खत यांचे मिश्रण वापरल्यास भार हलका होतो. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे भिंतींच्या फटींत शिरतात. म्हणून घराच्या पायाजवळ, टाकीजवळ किंवा सांडपाण्याच्या वाहिनीजवळ ती लावू नयेत.

दिसायला सुंदर, परिणामी घातक

शोभेसाठी आणलेल्या वनस्पतींचा पूर्वेतिहास सावध करणारा आहे. आज देशातील वनांत बेसुमार पसरलेली घाणेरी आणि तळ्यांचा श्वास कोंडणारी जलपर्णी, या दोन्ही मुळात शोभेच्या वनस्पती म्हणूनच भारतात आल्या. अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. झपाट्याने वाढणारे, बाराही महिने हिरवे राहणारे हे झाड अनेक शहरांत दुभाजकांवर आणि निवासी संकुलांच्या कुंपणालगत लावले गेले. त्याच्या परागकणांचा आरोग्यावर होणारा परिणाम आणि मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांचे होणारे नुकसान ही कारणे देऊन गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात विषारी रोपांची चौकशी आवर्जून करावी. कण्हेरीचे पान, फूल, बी आणि चीक असे सर्वच भाग विषारी असून त्यांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टीही तितकीच घातक आहे. केरळमधील त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी २०२४ मध्ये आपल्या मंदिरांतील नैवेद्यात व प्रसादात कण्हेरीच्या फुलांचा वापर थांबवला. दिवाणखान्यात हमखास दिसणाऱ्या डिफनबेकियाचे पान चावल्यास त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे जीभ व घसा सुजतो.

झाड की हवाशुद्धीकरण यंत्र?

रोप आणि उपकरण यांच्यात थेट निवड करण्याची वेळ आली की अनेकांचा गोंधळ उडतो. ‘हवा शुद्ध करणारी झाडे’ या नावाने होणाऱ्या विक्रीचा आधार बहुधा अमेरिकेच्या ‘नासा’ने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास असतो. तो प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. खिडक्या-दारे असलेल्या घरात तेवढाच परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि काही हिशेबांनुसार त्याहून कितीतरी अधिक झाडे लागतील, असा निष्कर्ष २०१९ मधील एका शास्त्रीय आढाव्यात निघाला. शिवाय हे अभ्यास मुख्यतः रंग, फर्निचर आदींतून निघणाऱ्या वायूंविषयीचे होते. दिल्लीच्या हिवाळ्यातील सूक्ष्म धूलिकणांवर कुंडीतील रोप हा उपाय नव्हे. झाडे मनाला प्रसन्नता देतात. त्यासाठी ती जरूर असावीत.

धूलिकणांसाठी यंत्र घ्यायचे असल्यास ते तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करते, हा आकडा पाहावा. बारा चौरस मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल तर १८० घनमीटर क्षमतेचे यंत्र पुरते. गाळणी किती महिन्यांनी बदलावी लागते आणि तिची किंमत काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

तारांकन वाचण्याची रीत

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनातून गारवा देतो. हवा कोरडी असेल तरच बाष्पीभवन वेगाने होते. त्यामुळे विदर्भ, मराठवाडा, राजस्थान किंवा दिल्लीच्या मे महिन्यात तो कमी विजेत काम भागवतो, तर दमट किनारपट्टीवर केवळ ओल वाढवतो. तेथे पंखा किंवा वातानुकूलन यंत्र म्हणजे एसी हेच पर्याय उरतात.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये उपकरणांच्या तारांकनाची योजना सुरू केली. हे तारे कायमचे नसतात. निकष ठरावीक काळाने कडक होतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष बदलले तेव्हा आधीचे पंचतारांकित यंत्र चार ताऱ्यांवर आले. म्हणून लेबलवरील वैधतेचा कालावधी पाहावा. छतावरील पंख्यांनाही १ जानेवारी २०२३ पासून तारांकन बंधनकारक आहे.

एसीच्या लेबलवर छापलेला वार्षिक वीजवापर वर्षातील १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आपला वापर त्याहून वेगळा असेल तर हिशेबही बदलतो. समजा, एका यंत्राच्या लेबलवर १,००० युनिट आणि अधिक तारे असलेल्या दुसऱ्यावर ७५० युनिट लिहिले आहेत, दुसरे आठ हजार रुपयांनी महाग आहे आणि विजेचा दर युनिटला आठ रुपये आहे. चार महिने रोज आठ तास, म्हणजे ९६० तास वापर झाल्यास वर्षाला १५० युनिट वाचतात आणि जादा किंमत भरून निघण्यास सुमारे साडेसहा वर्षे लागतात. आठ महिने तितकाच वापर असेल तर तीच रक्कम तीन वर्षे चार महिन्यांत वसूल होते. वर्षाकाठी केवळ दोन महिने यंत्र चालणार असेल, तर तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे अधिक तारे प्रत्येक घरी सारख्याच वेगाने पैसे वाचवत नाहीत.

पाणी तपासूनच शुद्धीकरण यंत्र

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांचे स्वीकार्य प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील आणि पाण्यात आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांसारखे दोष नसतील, तर आरओ यंत्राची सहसा गरज नसते. तेथे अतिनील किरणांवर चालणारे यंत्र पुरेसे ठरते. क्षार कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरास मनाई करण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला दिले होते. आरओतून बाहेर पडणारे पाणी रोज कुंड्यांना घालण्याची प्रथा घरोघरी दिसते. त्या पाण्यात क्षार एकवटलेले असल्याने मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसण्यास वा स्वच्छतागृहात वापरणे बरे.

सल्ला कोणाकडे मागावा?

रोपे, माती व किडीविषयी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ किंवा राज्याच्या उद्यानविद्या विभागाकडे विचारणा करता येते. शेतकऱ्यांसाठीच्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक असून तेथे प्रादेशिक भाषांत उत्तर मिळते. उपकरणाचे तारांकन खरे आहे की नाही हे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मोबाइल ॲपवर, तर आयएसआय चिन्हाची सत्यता भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येते.

समाजमाध्यमांवरील शिफारसी वाचताना ती करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध आहे का, हे पाहावे. असा संबंध स्पष्टपणे जाहीर करणे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक आहे. खरेदीनंतर तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पावती आणि हमीपत्र त्यासाठी जपून ठेवावे.

सल्ला मागण्यापूर्वी पुढील नोंदी हाताशी असाव्यात :

– रोपासाठी : उन्हाचे तास, पाण्याचा स्रोत, कुंडीचे आकारमान, घरातील मुले व प्राणी, सुटीच्या काळात पाणी घालणारी व्यक्ती.

– उपकरणासाठी : खोलीचे माप, वर्षातील वापराचे अंदाजे तास, विजेचा दर, गावातील दुरुस्तीची सोय. एसी घ्यायचा असल्यास १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी व अर्थिंग.

या नोंदी समोर असल्या की ‘यांतले चांगले कोणते’ या प्रश्नाऐवजी ‘माझ्या घरी यांतले कोणते चालेल’ असे विचारता येते, आणि या प्रश्नाला नेमके उत्तर मिळू शकते.