दादरा-नगरहवेलीची वाट : तलासरीच्या सीमेवर व्हिसा लागत होता तेव्हा

डहाणू, बोर्डी, तलासरी असा फेरफटका करून सिल्वासाला जाणाऱ्या पर्यटकाला आज वाटेत कोणी पारपत्र विचारत नाही. तलासरीहून महामार्गाने गुजरातमधील भिलाड आणि तेथून नरोलीमार्गे दादरा-नगरहवेली, एवढाच हा प्रवास. १९५४ च्या पावसाळ्यापर्यंत मात्र या टापूला लागून असलेली सीमा दोन देशांमधील होती. पलीकडे पोर्तुगालचे राज्य होते. ही सीमा ओलांडण्याचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल आजही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात आधार म्हणून घेतला जातो.

भूगोलाचा पेच

दमण समुद्रकाठी आणि दादरा व नगरहवेली आत, चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले. त्यामुळे दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आपल्याच प्रदेशात जाण्यासाठी भारतीय भूमीतून जावे लागे. त्या वेळचा उंबरगाव तालुका मुंबई राज्यातील ठाणे जिल्ह्यात होता. १९६० साली त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा परिसर महाराष्ट्रात राहिला.

पुण्याचा करार

या पेचाचे मूळ पेशवाईत आहे. १७ डिसेंबर १७७९ रोजी पुण्यात झालेल्या करारानुसार मराठ्यांनी पोर्तुगीजांना १२ हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे देऊ केली. त्यानंतर १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. मराठ्यांनी गावांवरील सार्वभौमत्व दिले की केवळ महसूल, हा पुढे खटल्यातील कळीचा मुद्दा ठरला. ही देणगी सरंजामासारखी, महसुलापुरती होती, असे न्यायालयाने मानले. मात्र पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्तेला प्रत्यक्षात मान्यता दिली आणि स्वतंत्र भारतानेही ती स्थिती काही काळ चालू ठेवली.

इंग्रजी अमदानीत खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना ये-जा करण्यास सामान्यतः मोकळीक होती. सशस्त्र दलांची गोष्ट वेगळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानेही पूर्वीच्या करारांतील कारणे आणि परस्पर साहाय्य वगळता औपचारिक विनंतीची अट घातली होती.

१९५४ चा उठाव

ऑक्टोबर १९५३ पासून भारताने या वाटेवर निर्बंध वाढवत नेले. दमणच्या गव्हर्नरला दादऱ्याला जाऊन येण्यासाठी आवश्यक व्हिसा २१ जुलै १९५४ पर्यंत दिले गेले होते, अशी नोंद निकालपत्रात आहे. त्याच २१-२२ जुलैला दादऱ्यातील पोर्तुगीज सत्ता उलथली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात आझाद गोमंतक दलासह अनेक संघटना होत्या. राजा वाकणकर, नाना काजरेकर आणि गायक सुधीर फडके यांचा त्यात सहभाग होता. पोर्तुगालने कुमक व प्रतिनिधी पाठवण्यासाठी वाट मागितली, ती भारताने नाकारली.

पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी न्यायालयात धाव घेतली. भारताची बाजू मांडण्यात अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांचा प्रमुख वाटा होता. भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला बसले.

निकाल काय होता?

१२ एप्रिल १९६० च्या निकालाचे तीन भाग होते. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये जाण्याचा हक्क होता, पण तो भारताच्या नियमन व नियंत्रणाच्या अधीन होता (११ विरुद्ध ४). सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता (८ विरुद्ध ७). उठावामुळे भोवतालच्या भारतीय भागात तणाव होता. त्यामुळे वाट नाकारताना भारताने आपल्या बंधनांचा भंग केला नाही (९ विरुद्ध ६).

सारांश असा की, वाटेचा हक्क मान्य झाला तरी दाराची किल्ली ज्याची जमीन त्याच्याकडेच राहिली.

मुक्तीनंतर सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला. विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान नेमण्यात आले होते. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

आज जाताना

डहाणू किंवा बोर्डीला येणाऱ्या परदेशी पाहुण्याला दमण किंवा सिल्वासाला जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. त्याचा भारतीय व्हिसा पुरेसा असतो. ई-व्हिसा असल्यास मात्र देशात प्रवेश ठरवून दिलेल्या ठिकाणांवरूनच करता येतो. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही.

कागदपत्रांची खरी जबाबदारी आता यजमानावर आहे. परदेशी व्यक्ती उतरल्यास हॉटेल, लॉज वा घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्याने तिची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. ही नोंद 'सी फॉर्म' म्हणून परिचित आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली असली, तरी यजमानाचे हे कर्तव्य कायम आहे.

परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआय कार्ड असलेल्यांना आजीवन व्हिसा मिळतो, मात्र त्यांना शेतजमीन वा फार्महाऊस विकत घेता येत नाही. चिकूच्या वाडीचा मोह पडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वारसाहक्काने मात्र अशी जमीन मिळू शकते.

आणखी एक सूचना सर्वांसाठीच. सिल्वासा वा दमणहून परतताना गुजरात लागतो आणि तेथे दारूबंदी आहे. परवान्याशिवाय मद्य बाळगणे तेथे गुन्हा आहे; परराज्यातील मद्य विनापरवाना महाराष्ट्रात आणण्यासही बंदी आहे. पारपत्राची तपासणी थांबली, तरी या वाटेवरची तपासणी पुरती संपलेली नाही.