दाखल नोंदवहीत आपण कुठे आहोत?

१८८२ साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. ते पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हे पुस्तक लोकांच्या नजरेआड राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळले की बुलढाण्यात अशी एक बाई होऊन गेली.

मी वडनेर भोलजीत बसून हे लिहितोय. हे पुस्तक आमच्याच जिल्ह्यातले, पण शाळेत आणि कॉलेजात असताना मी ताराबाईंचे नाव ऐकले नव्हते. एमएला समाजशास्त्र घेतले तेव्हा ते पहिल्यांदा कानावर आले. पुस्तक संपवायला ते जाळावेच लागते असे नाही. त्याची नोंद घेतली नाही, ते कपाटात ठेवले नाही, तरी तेवढे पुरते.

म्हणून मित्रांनो, आज कॉलेजच्या ग्रंथालयाबद्दल बोलू. आपण पुतळ्यासाठी भांडतो, नामांतरासाठी लढलो, शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो. पण कॉलेजात कोणते पुस्तक येणार, हे कोण ठरवते ते कधी विचारत नाही.

पद्धत साधी आहे. प्राचार्य, विभागप्रमुख आणि ग्रंथपाल यांची ग्रंथालय समिती असते. विभाग पुस्तकांच्या याद्या देतात. अभ्यासक्रमाची पुस्तके आधी घेतली जातात, उरलेल्या पैशात संदर्भग्रंथ. विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवतात, खरेदी होते, पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक मिळतो, वर्गीकरण होते आणि मग ते कपाटात जाते. काही वर्षांनी साठ्याची पडताळणी होते. फाटलेली, जुनी, न वाचलेली पुस्तके बाद केली जातात.

यात कुठेही ‘जात’ हा शब्द नाही. तरीही आपली पुस्तके बाहेर राहतात. का? कारण आपले साहित्य विक्रेत्याच्या यादीत फारसे नसते. ते १४ ऑक्टोबरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, सतरंजीवर मांडलेले असते. छोटा प्रकाशक पाच-पाचशे प्रती काढतो आणि स्वतःच पोती उचलून आणतो. तो दरपत्रक कुठून भरणार? समितीने वाईट हेतू ठेवला नाही तरी ही चाळणी आपोआप काम करते.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. कोलंबियाचे ग्रंथालय आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय या माणसाने अक्षरशः पालथे घातले होते. १९१७ साली परत येताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली पुस्तके गेली. पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी जागा मनात धरून. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादला आज मिलिंद म्हणून ओळखले जाणारे कॉलेज सुरू झाले. बाबासाहेबांच्या स्वतःच्या संग्रहातली कितीतरी पुस्तके आज सिद्धार्थच्या ग्रंथालयात आहेत. आपले गुरू जॉन ड्यूई यांच्या पुस्तकांवर त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा अभ्यासक आजही तिथे जाऊन तपासतात. ती पुस्तके ग्रंथालयाने सांभाळली नसती, तर बाबासाहेब काय वाचत होते आणि कुठे थांबून विचार करत होते, हे आपल्याला कधीच कळले नसते.

इथे दुसरा एक ड्यूई आठवतो, मेल्व्हिल ड्यूई. त्याचा जॉन ड्यूईंशी काही संबंध नाही. १८७६ साली त्याने दशांश वर्गीकरण काढले. पुढे तो कोलंबियाचाच ग्रंथपाल झाला. आपल्या अनेक कॉलेजांत पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले आकडे त्याच्याच पद्धतीचे असतात. तिच्यात धर्मासाठी २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माला आणि जगातले बाकीचे सगळे धर्म शेवटच्या २९० मध्ये कोंबलेले. बौद्ध धम्म २९४.३ वर, त्याच्या शेजारी २९४.५ वर हिंदू धर्म. हाच ड्यूई आपल्या क्लबमध्ये ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नव्हता. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने त्याचे नाव आपल्या पदकावरून काढले. म्हणजे कपाटावरचे आकडेसुद्धा कुणीतरी, कुठेतरी बसून ठरवलेले असतात.

आता नियतकालिकांचे बघा. मिलिंदमधूनच गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मिता’ १९६७ साली निघाले, पुढे त्याचेच ‘अस्मितादर्श’ झाले. दलित साहित्याची एक पिढी त्यात लिहिती झाली. असे अंक घरोघरी वाळवी खाते किंवा ते रद्दीत जातात. कॉलेजने बांधणी करून ठेवले तरच उरतात. आणि साठा कमी करायची वेळ आली की ‘कुणी वाचत नाही’ म्हणून पहिला हात जुन्या अंकांवरच पडतो.

एमएला असताना मी एका ग्रंथपालांना विचारले होते, “सर, बाबासाहेबांचे सगळे खंड का नाहीत?” ते म्हणाले, “बाळा, मागणीच नाही.” मला राग आला. नंतर विचार केला, तर त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य होते. आम्ही तोंडी कुरकुर करत होतो, लेखी मागणी एकानेही दिली नव्हती. उरलेले अर्धे सत्य असे की जे पुस्तक कपाटात कधी दिसलेच नाही, ते पोरगा मागणार कसे? वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने पहिला खंड १९७९ साली काढला. सरकारी प्रकाशन, किंमत कमी. तरी संच अपुरा राहत असेल, तर ‘अनुदान नाही’ ही सबब पटत नाही.

म्हणून या महिन्यात प्रत्येकाने आपल्या कॉलेजात जाऊन चार गोष्टी कराव्यात. खंडांचा पूर्ण संच आहे का ते स्वतः मोजा. नसेल तर मागणीपत्र लेखी द्या, पोच घ्या, एकट्याने नाही तर वीस जणांनी. दीक्षाभूमीवरून आणलेली पुस्तके भेट द्या, पण ती दाखल नोंदवहीत चढल्याशिवाय परत फिरू नका. आणि पुस्तके बाद करण्याची यादी निघाली की ती पाहायला मागा. अनुदानित कॉलेज असेल तर माहितीचा अधिकार आहेच.

आणि पुस्तक आले की ते वाचायला न्या. ते कुणी नेलेच नाही, तर पुढच्या पडताळणीत तेच बाद होईल आणि तेव्हा दोष आपला असेल. ताराबाईंना नव्वद वर्षे वाट पाहावी लागली. आज आपल्या गावात लिहिणाऱ्या पोरीवर तीच पाळी यायची नसेल, तर तिचे पुस्तक आजच नोंदवहीत चढले पाहिजे.

जयभीम!