अस्सल, नक्कल आणि तेलाची गाळणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मुकुंदवाडीतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे तीन खोकी मांडली गेली. तिन्हीत एकाच गाडीचा ऑइल फिल्टर. "हा कंपनीचा, हा चांगल्या मेकचा, आणि हा लोकल," दुकानदाराने ओळख करून दिली. पहिल्या आणि तिसऱ्याच्या किमतीत तिपटीचा फरक होता. सोबत आलेला दादा गप्प होता. त्याला कारण होते.

दादा वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी गाडी चालवतो. वर्षभरापूर्वी बाहेरगावी असताना त्याने फिल्टर बदलून घेतला. खोके कंपनीचे, वर चमकती चिकटपट्टी, किंमतही तशीच. काही महिन्यांनी तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागू लागला, मग इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि शेवटी हाफ इंजिनचे काम निघाले. मिस्तरींनी तो फिल्टर करवतीने कापून आमच्यापुढे ठेवला. कागदाच्या घड्या विरळ होत्या आणि एका टोकाचा डिंक सुटला होता. "दादा, तेल बदलायलाही तुम्ही उशीर केला," हे त्यांनी बजावलेच. पण खोके खोटे होते, याबद्दल त्यांना शंका नव्हती. गाडीचे हप्ते चालू असताना गाडी सतरा दिवस उभी राहिली.

त्यामुळे दुकानात आमचा प्रश्न स्वस्त की महाग असा उरला नव्हता. महागातले घेऊनच आम्ही फसलो होतो. मग 'खरा' म्हणजे कोणता? या प्रश्नाच्या मागे जाताना मला एका डब्याचा शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिनाला तेलाची गाळणी अशी नव्हतीच. तेल लवकर घाण होई आणि वरचेवर बदलावे लागे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी पुढे आणली. तिचे नाव 'प्युरोलेटर'. 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांची ती जोडणी. या पहिल्या गाळण्यांतून एका वेळी तेलाचा थोडासाच भाग जाई, बाकीचे न गाळताच इंजिनात फिरे. पंपातून निघालेले सगळे तेल आधी गाळणीतून आणि मग बेअरिंगकडे, ही आजची पद्धत पुढच्या दोन-तीन दशकांत रुळली.

सगळे तेल गाळणीतून जाऊ लागताच नवी अडचण आली. गाळणी तुंबली किंवा थंडीत तेल घट्ट झाले, तर इंजिन कोरडे पडणार. म्हणून गाळणीत किंवा तिच्या बैठकीत बायपासची झडप बसवली जाते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते. न गाळलेले का होईना, पण तेल पोहोचते. अनेक फिल्टरांत रबराची आणखी एक झडप असते. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधले तेल खाली उतरून जाऊ नये, सकाळी चावी फिरवताच दाब तयार व्हावा, हे तिचे काम. कागदाला राळेचा लेप देतात, तो गरम तेलात मऊ पडू नये म्हणून. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर या कागदाने अडवायचे कण त्याच्या निम्म्याहूनही बारीक असतात. म्हणजे चांगल्या-वाईटाचा सगळा निकाल डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टींवर लागतो.

पूर्वी निदान आत डोकावता येई. वाटीसारख्या भांड्यात कागदाचा किंवा कापडाचा गाभा असे; मिस्तरी तो काढत, चाचपत, नवा घालत. १९५०च्या दशकात अमेरिकेत अख्खा डबा फिरवून बसवायचा फिल्टर आला. काम पाच मिनिटांचे झाले, हातही कमी घाण होऊ लागले. पण पत्र्याचा डबा कायमचा बंद झाला, आणि गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये खोक्यावरचे नाव येऊन उभे राहिले.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत हा डबा उशिराच पोहोचला. वाळूजचा बजाजचा कारखाना ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. त्या काळच्या घराघरांतल्या टू-स्ट्रोक स्कूटरला ऑइल फिल्टर नव्हताच. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि त्याच्याबरोबर जळून जायचे. त्याच सुमारास आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १००मध्ये तेलातली घाण फिरत्या चकतीच्या वेगाने बाजूला फेकली जाई. मिस्तरी ती पुसून काढत. बदलायचा डबा सामान्य घरांत आणला तो मारुती ८००ने. तिची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत दिली गेली. गाडीबरोबर 'जेन्युइन पार्ट' हा शब्दही आला आणि गॅरेजमध्ये त्याचे भाषांतर झाले, 'कंपनीचा'.

पण कोणत्या कंपनीचा? ही गोष्ट आपल्या औद्योगिक धोरणातच गुंतलेली आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले, की टप्प्याटप्प्याने देशी सुटे भाग वापरून गाडी बनवण्याचा कार्यक्रम असलेल्यांनीच इथे राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. पुढे अनेक सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले गेले. गाडी एकाने जोडायची आणि तिचे भाग दुसऱ्या अनेकांनी बनवायचे, ही घडी तेव्हा बसली. बजाजच्या मागोमाग वाळूजमध्ये पुरवठादारांचे कारखाने उभे राहिले ते याच घडीतून.

मुकुंदवाडीला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. एका अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडको. इथल्या भाड्याच्या खोल्यांमधून तीन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या माणसांना ठाऊक असते, की भाग एका दाराने बाहेर पडतो आणि त्याचे नाव पुढे खोक्यावर ठरते. ऑइल फिल्टरचेही तसेच. मोटार कंपन्या तो सहसा स्वतः बनवत नाहीत. फिल्टर बनवणाऱ्या कंपनीकडून घेतात. तोच उत्पादक स्वतःच्या नावानेही बाजारात उतरतो. मात्र दोन खोक्यांतला माल हुबेहूब एकच असेल, असे त्यावरून धरून चालता येत नाही. मोटार कंपनीने दिलेले मोजमाप एक आणि खुल्या बाजारासाठीचे दुसरे असू शकते.

या दाराचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढेही गेला. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा त्यात होत्या. आमच्या शेंद्र्यात कारखाना असलेली स्कोडाही होती. आक्षेप असा, की पुरवठादारांना खुल्या बाजारात भाग विकू दिले जात नाहीत, आणि स्वतंत्र गॅरेजला भाग, तांत्रिक माहिती व तपासणीची साधने मिळत नाहीत. गाडी घेताना गिऱ्हाईक दहा कंपन्यांतून निवड करते, पण घेतल्यावर भागांसाठी एकाच दारात उभे राहते. दंडावर पुढे अपिले झाली. २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दंड कमी केला, ठपका मात्र ठेवला. अमेरिकेत १९७५च्या वॉरंटी कायद्यानेच विक्रेत्याला बजावले होते, की अमुक नावाचाच भाग वापरा, अशी अट वॉरंटीला सहसा जोडता येणार नाही.

आपला १९९९चा व्यापारचिन्ह कायदाही या बाबतीत समजूतदार आहे. दुसऱ्याच्या गाडीला बसणारा भाग बनवणाऱ्याने, तो कोणत्या गाडीसाठी आहे हे सांगण्यापुरते त्या गाडीचे नाव लिहिले, तर कलम ३० त्याला आडकाठी करत नाही. अट एवढीच, की माल गाडीच्या कंपनीचा आहे असा भास होऊ नये. मधल्या खोक्यावर हेच होते: बनवणाऱ्याचे नाव ठळक, गाडीचे नाव खाली बारीक अक्षरांत.

इथे मला आपल्या दफ्तरातले दोन जुने शब्द आठवले. मोडी कागदपत्रांत अस्सल आणि नक्कल असे दोन प्रकार असत. मूळ पत्र ते अस्सल, त्याची उतरून घेतलेली प्रत ती नक्कल. नक्कल म्हणजे लबाडी नव्हे. आजही सातबाराची नक्कल घेऊन माणूस बँकेत जातो आणि तिच्यावर कर्ज मिळते, कारण खाली कोणाचा तरी सही-शिक्का असतो आणि चूक निघाली तर त्याला विचारता येते. दफ्तराला भीती असते ती बनावट कागदाची, ज्यावर सही दुसऱ्याचीच मारलेली असते.

गॅरेजच्या भाषेत मात्र 'कंपनीचा' नाही तो सगळा 'डुप्लिकेट' अशी सरमिसळ झाली आहे. स्वतःच्या नावाने विकणारा उत्पादक आणि दुसऱ्याचे खोके छापणारा भामटा एकाच शब्दात कोंबले गेले. त्यातून भामट्याचे फावले. 'कंपनीच्या' नावाला जास्त दाम येतो म्हणून तो खोके नेमके त्याचेच छापतो. दादा फसला तो अस्सलाच्या वेशात.

दुकानात आम्ही तिसरे खोके आधी बाजूला सारले; त्यावर बनवणाऱ्याचा पत्ताच नव्हता. उरलेल्या दोहोंपैकी गाडी वॉरंटीत असती, तर वाद नको म्हणून पहिले घेतले असते. तशी ती आता नव्हती. मधला फिल्टर हातात घेऊन क्रमांक गाडीच्या पुस्तिकेशी ताडला, रबराची कडा सरळ बसली आहे का ते पाहिले, उत्पादनाचा महिना वाचला. आतला कागद दिसत नव्हता. तो कोणालाच दिसत नाही.

"बिल पक्कं द्या," दादा पहिल्यांदाच बोलला. "त्यावर मेकचं नाव आणि नंबर लिहा."

दुकानदाराने कुरकुर न करता ते लिहिले आणि खाली सही केली. दादाने बिलाची घडी घालून ती गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात, आरसी बुकाला लागून ठेवली. मागच्या खेपेचे बिल त्याने घेतलेच नव्हते.