वर्ध्याचा समवाय आणि आमच्याकडील गुरुजी

आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत शिक्षकाचा पेशा चालत आलेला आहे. म्हणून शिक्षकांनी एकमेकांजवळ बसून शिकावे, या कल्पनेचा आपल्या भागापुरता इतिहास येथे निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीत नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल सादर केला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि मध्यभागी एक हस्तोद्योग, ही योजना सर्वश्रुतच आहे. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे उद्योगास! यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली, व ती अगदीच निराधार होती असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्या गदारोळात योजनेचा गाभा झाकला गेला. तो गाभा म्हणजे समवाय. गणित, भाषा, भूगोल हे निरनिराळे कप्पे न मानता उद्योग व परिसर यांच्या आधारे ते एकत्र गुंफावयाचे. हे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातले नव्हे. टकळीच्या सुतातून गणित काढावयाचे, तर सूत जाणणाऱ्याने गणित जाणणाऱ्याशेजारी बसले पाहिजे. म्हणूनच १९३८ साली वर्ध्यास विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा निघाली, आणि पुढे सेवाग्रामी आर्यनायकम् दांपत्याच्या देखरेखीखाली शिक्षक कताई, सफाई व स्वयंपाक एकत्र करीत अध्यापन शिकू लागले.

आमचे कोरपना त्या वेळी राजुरा तालुक्यात, म्हणजे निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. वर्धा नदी तीच; पण पलीकडे मध्यप्रांत आणि अलीकडे उर्दूचा अंमल. कापूस आमचा, टकळी पलीकडची! १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली राजुरा नांदेड जिल्ह्यात आला व १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. तोवर मूलोद्योग शिक्षणाचा भर ओसरत चालला होता.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) जवळपासच्या शाळांचे समूह करण्याची उत्तम शिफारस केली. त्याच आयोगाचा 'कार्यानुभव' मात्र प्रत्यक्षात वेळापत्रकातील एक तासिका होऊन बसला. सर्व विषयांना जोडणारा उद्योग स्वतःच एक सुटा विषय व्हावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

१९९० नंतरच्या दशकात केंद्रशाळा झाल्या आणि आम्हां गुरुजींच्या मासिक बैठका सुरू झाल्या. बहुधा त्या तक्ते भरण्यातच संपत. एकदा मात्र वेचणीच्या दिवसांत कापसावर चर्चा रंगली. शेती करणाऱ्या एका गुरुजींनी सांगितले, की क्विंटलभर कापसातून रुई साधारण तेहतीस-चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. गणिताच्या गुरुजींनी तेथेच शेकडेवारीची उदाहरणे रचली. दुसऱ्यांनी काळ्या जमिनीचा पाठ जोडला. कोलामी मुलांना शिकविणाऱ्या बाईंनी तेच शब्द मुले घरी कसे उच्चारतात ते फळ्यावर लिहून दाखविले. सायंकाळची एस. टी. चुकली तरी कोणी तक्रार केली नाही.

पुढील प्रशिक्षणाचे परिपत्रक आले ते विषयवार: भाषेचे शिक्षक एका दालनात, गणिताचे दुसऱ्या. आमची शाळा दोनशिक्षकी. दोघेही सर्व विषय शिकवीत होतो. कोणत्या विषयाचा शिक्षक कोण, हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरविले.