एरिक कार्ल आणि बालवर्गातील चिकटकाम

गोष्ट वाचून झाल्यावर तिच्यातूनच चित्रकाम, मोजणी किंवा निसर्गनिरीक्षणाचा उपक्रम घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बालवर्गांत दृढ झाली, आणि ज्या पुस्तकांच्या आधाराने ती वाढली त्यांत चित्रकार-लेखक एरिक कार्ल (१९२९–२०२१) यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या १९६९ सालच्या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. मात्र कागद कापणे, घड्या घालणे, पट्ट्या विणणे या कामांना शिक्षण मानण्याचा विचार त्याहून शंभराहून अधिक वर्षांनी जुना असून त्याचा उगम जर्मनीत आहे. फ्रीड्रिश फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली, पण तोवर हा विचार जर्मनीबाहेर पडू लागला होता आणि १८५६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे जर्मन स्थलांतरितांच्या मुलांसाठी अमेरिकेतले पहिले किंडरगार्टन सुरू झाले.

कार्ल यांच्या बालपणात या इतिहासाचे दोन्ही धागे एकत्र येतात. जर्मन आईवडिलांच्या पोटी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे जन्मलेल्या या मुलाला तेथील शाळेत उजेडाची खोली, मोठाले कागद, रंग आणि जाड कुंचले मिळाले. १९३५ मध्ये कुटुंब जर्मनीतील श्टुटगार्टला परतले, तेव्हा मात्र त्याच्या वाट्याला कडक शिस्तीची, छडी मारणारी शाळा आली. ज्या देशाने मुलांची बाग जगाला दिली, त्याच देशात या मुलाची बाग हिरावली गेली, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण घर सोडून शाळेत जाणाऱ्या मुलाची भीती कमी करणे हेच आपल्या पुस्तकांचे काम असल्याचे कार्ल पुढे आयुष्यभर सांगत राहिले. नाझी राजवटीने आधुनिक चित्रकलेला ‘अधःपतित कला’ ठरवून तिच्यावर बंदी आणली असताना क्राउस नावाच्या त्यांच्या चित्रकला शिक्षकांनी या विद्यार्थ्याला पिकासो, क्ले, मातीस यांच्या चित्रांच्या छापील प्रती गुपचूप दाखवल्या आणि त्याच्या मोकळ्या रेषेचे कौतुक केले. कार्ल यांच्या चित्रशैलीचे मूळ शोधायचे, तर ते या धोका पत्करणाऱ्या शिक्षकापाशीच शोधावे लागते.

१९५२ मध्ये कार्ल अमेरिकेत परतले आणि जाहिरात क्षेत्रात स्थिरावले. त्यांनी एका जाहिरातीसाठी केलेला लाल शेवंडा पाहून, पूर्वी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक असलेले लेखक बिल मार्टिन यांनी त्यांना ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर’ या १९६७ च्या पुस्तकाची चित्रे काढायला दिली. कार्ल यांचे तंत्र कोलाजचे, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून चित्र घडवण्याचे होते. पतंगी कागदासारखा पातळ, किंचित पारदर्शक असा टिश्यू पेपर ते आधी स्वतः ॲक्रिलिक रंगांनी रंगवत, त्यावर कुंचला, स्पंज, गालिच्याचे तुकडे किंवा बोटे फिरवून पोत उमटवत, वाळलेले कागद रंगांनुसार खणांत लावून ठेवत आणि मग हवा तो आकार कापून खळीने चिकटवत. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मधील सुरवंटाची कल्पना त्यांना कागदाच्या गठ्ठ्याला पंचने भोके पाडताना सुचली. प्रथम पुस्तक खाणारा किडा हा नायक होता, आणि संपादिका ॲन बेनेड्यूस यांच्या सूचनेवरून त्याचा सुरवंट झाला. भोकांची आणि लहानमोठ्या आकारांची पाने परवडणाऱ्या खर्चात छापणारा मुद्रक अमेरिकेत न मिळाल्याने पहिली आवृत्ती जपानमध्ये छापली गेली.

या पुस्तकात आठवड्याचे वार, एक ते पाच अंक, फळांची नावे आणि कीटकाचे रूपांतर एकाच कथेत गुंफलेले असल्याने शिक्षकाला चार विषयांचे धडे आयते मिळतात, आणि बोट घालून पाहावे अशी भोके असल्याने पुस्तक स्वतःच खेळणे होते. अनेक वर्गांत पुस्तकासोबत ‘पेंटेड लेडी’ जातीच्या फुलपाखराच्या जिवंत अळ्या वाढवल्या जातात. कथेतले फुलपाखरू पतंगासारखे सभोवती विणलेल्या घरट्यातून बाहेर येते, तर खऱ्या फुलपाखराचा कोष सहसा उघडा, कडक कवचाचा असतो. हा फरक मुलांच्या डोळ्यांसमोर उलगडतो तेव्हा पुस्तकातली चूकही विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडते.

पुस्तक साठाहून अधिक भाषांत गेले आणि त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या, त्याबरोबर एक हानीही झाली. शिक्षकाने आधीच कापून दिलेली हिरवी वर्तुळे ओळीने चिकटवून सगळ्या मुलांचे एकसारखे सुरवंट भिंतीवर लावण्याची रीत पसरली, आणि तिच्यात क्राउस यांनी जपलेली मोकळी रेष उरत नाही. कार्ल यांनी मुलांना स्वतःच कोलाज करता यावे यासाठी १९९८ मध्ये ‘यू कॅन मेक अ कोलाज’ हे पुस्तक काढले, आणि पत्नी बार्बरा यांच्यासह मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲम्हर्स्ट येथे २००२ मध्ये उघडलेल्या चित्रपुस्तकांच्या संग्रहालयात मुलांसाठी कलादालनाबरोबर काम करण्याची खोलीही ठेवली. आपल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला कोलाजचा हा उपक्रम घ्यायचा असेल, तर पांढरा पतंगी कागद, पाण्यात कालवलेले रंग आणि कणकेची खळ एवढे साहित्य पुरते. शिक्षकांनी फक्त कापलेला नमुना मुलांच्या हाती देऊ नये, आणि कागद आधी त्यांनाच रंगवू द्यावा.